काचेचं कौल

परवा जुन्या बाजारात काचेचं कौल दिसलं आणि शिकत असताना मी राहायचे ती खडकीतली दीडशे वर्षं जुनी बैठी चाळ आठवली. माझ्या खोलीला खिडकीच नव्हती. भर दुपारीही दिवा लावून परीक्षेचा अभ्यास करायचा, आणि वीज गेली की पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसायचं. घरमालकांकडे खिडकी मागितली तर म्हणाले, "अहो, इथे पाच पिढ्या अंधारात राहिल्या, कोणाची तक्रार नाही." दुसऱ्या दिवशी छपरावर खडखड झाली, धूळ पडली आणि पाठोपाठ माझ्या वहीवर ऊन. वरून मालक ओरडले, "नापास झालात तर कौल काढून नेईन!" मी निकाल सांगायला गेले, तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हणजे आता ते तिथेच ठेवावं लागणार." आज माझ्या घराला सहा खिडक्या आहेत, छपराला कौल एकही नाही, तरी मी ते घेऊन आले.