बेसिनवरचं युद्ध आणि जपानी बायका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, नव्वदीच्या दशकात आखातातल्या दार्सैतमध्ये एका बेसिनवरून पेटलेल्या युद्धात जपानने हस्तक्षेप केला. बेसिन माझं होतं.

बायकोला आठवा महिना होता. बाळंतपणासाठी रत्नागिरीहून आई आली आणि तिच्यासोबत तिची मिशेरी. रोज सकाळी ती बोटाने दात खसाखसा घाशी आणि पचकन थुंके. पांढऱ्या बेसिनवर काळे ओघळ, त्यांत चिकटलेले तंबाखूचे कण. शिसारी मलाही येई. पण मी पडलो मुलगा. मग डबी संपली. आईने शेजाऱ्याकरवी तंबाखू मागवला आणि घरीच भाजला. कशावर? चपातीच्या तव्यावर! त्या धुराने बायको दोनदा ओकली आणि गरजली, “हा घाणेरडेपणा माझ्या घरात खलास!”

आईने पिशवी भरली. “माजा तिकीट काड.”

आई गेली तर बाळंतपण कोण करणार, ही काळजी मला एकट्यालाच पडली होती.

मी तेव्हा जवळच्याच रुवीत जपानी गाड्यांच्या सुट्या भागांच्या काउंटरवर होतो. त्याच दिवशी कंपनीचं कॅलेंडर मिळालं: लाकडी ठशांनी छापलेल्या जुन्या जपानी चित्रांतल्या बारा बायका. बायको हरखली. हॉलमध्ये टांगून एकेक पान उलटू लागली.

“अहो, हिने बघा, रुमाल दातांत धरलाय. किती दुःख गिळलंय बिचारीनं! आणि ही? आरशासमोर लिपस्टिक लावतेय. कपडे काय भारी, चेहऱ्यावर काय समाधान!”

खाली बारीक इंग्रजी मजकूर होता. मी घसा खाकरून, नाटकात वाचतात तसा, मराठीत वाचला, “त्या काळी लग्न झालेल्या स्त्रिया फॅशन म्हणून दात काळे करीत.”

बायको चित्राला नाक लावून वाकली. किंचित उघडे ओठ, आत मिट्ट काळोख.

“ईऽऽ! शी! एवढं नटून-थटून हे?” तोंडावर हात दाबून ती बेसिनकडे पळाली. रुसवा विसरून आई मागोमाग धावली आणि तिची पाठ चोळू लागली.

“जाऊ नका हो आई,” बायको रडवेल्या आवाजात म्हणाली, “पण ती मिशेरी तेवढी सोडा.”

आईने पदराला हात पुसले, चष्मा लावला, हॉलमध्ये जाऊन त्या आरशातल्या बाईला बराच वेळ न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात विचारलं,

“काय गो बाय, तुज्या घरात सून नाय वाटतं?”