पायांची फाईल

माझे काका बूट शिवतात. ज्यांचा एक पाय आखूड, कुणाला बोटं कमी, कुणाची टाच वाकडी, अशांचे. बूट घालून माणूस चालायला लागला की बघणाऱ्याला काही कळता कामा नये, ही त्यांची कारागिरी. आणि तोंडाला कुलूप! चाळीस वर्षांत कुणाचा पाय कसा आहे, हे काकूलासुद्धा सांगितलं नाही. काकू वैतागायची, "तुमच्या पोटात मावतं तरी किती हो?"

सगळं डोक्यात. गेल्या वर्षी मात्र त्यांनी एकाचा उजव्याऐवजी डावा तळ जाड केला आणि घाबरून मला बोलावलं. मी प्रोग्रॅमर, शिवाय सख्खी पुतणी.

दुकानाच्या मागच्या खोलीत ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणजे कोडमध्ये एक ऑब्जेक्ट, माहितीचा एक डबाच: नाव, पत्ता, मापं आणि व्यंग. "हे शेवटचं कुणाच्या नजरेस पडायला नको हं, पोरी," काका म्हणाले. मी शहाणी! व्यंग प्रायव्हेट ठेवलं, म्हणजे बाकीच्या कोडला न दिसणारं. संध्याकाळी अख्खी लिस्ट एक्सएमएल फाईलमध्ये सेव्ह केली, प्रोग्रॅम बंद केला, पुन्हा उघडला. नावं होती, मापं होती, व्यंग एकाचंही नाही. जे प्रायव्हेट असतं ते सेव्ह करणारा कोड फाईलमध्ये उतरवतच नाही, आणि तसं सांगतही नाही. दिवसभराची मेहनत पाण्यात.

काका हसले. "तुझा कॉम्प्युटर माझ्यासारखाच दिसतोय. तोंड उघडत नाही."

मग मी व्यंग पब्लिक केलं. काकांनी न कुरकुरता सगळं पुन्हा सांगितलं. दोनशे चाळीस माणसं, साध्या अक्षरांत, कुणीही उघडून वाचावीत अशी. पासवर्ड पुढच्या आठवड्यात घालू म्हटलं. नाही घातला. ही चूक माझी, कबूल.

पण केसाने गळा कापला तो माझ्या पाठच्या भावाने. तो बुटांच्या मोठ्या शोरूममध्ये कामाला आहे. घरी आला तेव्हा मीच मिरवत फाईल दाखवली आणि चहा टाकायला उठले. तेवढ्यात त्याने ती पेनड्राइव्हवर घेतली.

महिन्याभराने एक शिक्षिका दुकानात आली. भावाच्या शोरूमचं पत्र तिच्या सासूने सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं होतं: 'आपला डावा पाय पाऊण इंच आखूड आहे. आमच्याकडे चार दिवसांत बूट तयार.' तिने काकांनी शिवलेले बूट काउंटरवर ठेवले. "काका, तुम्हीसुद्धा?" एवढंच बोलली आणि गेली.

भावाला जाब विचारला तर म्हणतो, "ताई, फाईल उघडीच होती. आणि मी काय खोटं लिहिलं?" मी एक ठेवून दिली. नालायक! एकाच ताटात जेवलो आम्ही.

काकांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "मी तुलाच सांगितलं होतं," म्हणाले, आणि कातडं कापायला लागले.

परवा एक जुने गिऱ्हाईक आले, वयस्कर गृहस्थ. काका त्यांच्या पायाशी बसले आणि तसेच थांबले. कुठला पाय, आठवेना. मी मागच्या खोलीत होते. फाईलमधलं एकशे बारावं नाव: उजवा पाय, अंगठा नाही. मला पाठ होतं. काकांनी दारातून माझ्याकडे पाहिलं. मग मान फिरवली. दुकानात आणखी दोघं बसले होते; काका त्यांच्याकडे पाठ करून गृहस्थांचे पाय झाकले जातील असे सरकले.

"माफ करा," काका त्या गृहस्थांना म्हणाले, "दोन्ही मोजे काढता का? मी विसरलो."