दारात पांढरे बूट

नागपूरच्या विमानतळावर बाबा भट्टीवरून थेट आले होते. वणीजवळच्या चुन्याच्या भट्टीवर ते सुपरवायझर आहेत. मुलगी अमेरिकेला चालली होती त्या दिवशीही सकाळी ‘जरा पाहून येतो’ म्हणून गेले आणि तिथूनच गाडीत बसले. शर्ट बदलला होता, बूट बदलायचे राहिले. चकचकीत फरशीवर त्यांची पांढरी पावलं उमटत होती आणि आई दबक्या आवाजात म्हणत होती, "अहो, पाय तरी झटकाचे होते! लोक पाहून राहिले."

"पाहू दे," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जणू मी शेजारच्या गावी निघालेय अशा सुरात, "तिथचा गोटा कसा आहे ते सांगजो."

गोटा म्हणजे आमच्याकडे दगड. मी हसले. रडू येईल असं वाटलं होतं, पण अंगात नुसतं वारं भरलं होतं. आत गेल्यावर एकदाच वळून पाहिलं. पावलं काचेच्या दारापर्यंत येऊन थांबली होती.

हे मी तिकडे राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि इकडे आलेल्यांसाठीही. तिकडच्यांना वाटतं, आम्ही रोज काहीतरी भारी बघत असतो. इकडच्यांना माहीत आहे, आम्ही बहुतेक वेळा लॉन्ड्री करत असतो. एमएस झाल्यावर मला अर्विंगमध्ये जॉब मिळाला. पहिले काही महिने मी टेक्सस पाहिलं ते गाडीच्या काचेतून. सपाट जमीन, रुंद हायवे, पार्किंग लॉट. एकदा अपार्टमेंटपासून इंडियन ग्रोसरीपर्यंत चालत जायचं ठरवलं, तर मधेच फुटपाथ संपला. पुढे गवत, आणि त्यापुढे सहा लेनचा रस्ता. वणीत मी कुठेही चालत जायचे. इथे चालायलाही ड्राइव्ह करून जावं लागतं, हे कळायला वेळ लागला.

मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, घरात वऱ्हाडी, हॉस्टेलमध्ये पुण्याच्या मुली. तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी बोलण्यापेक्षा गप्प बसणं सोपं, हे मी लहानपणीच ठरवून टाकलं. म्हणून रूममेट सायली मला ‘शनिवारची पायपीट’ नावाच्या ग्रुपमध्ये ओढून घेऊन गेली तेव्हा मी सगळ्यांच्या मागे चालायला लागले. मागच्याला कोणी काही विचारत नाही.

ग्रुप चालवायचे विद्याधर काका. मूळचे पुण्याचे, सह्याद्री पालथा घातलेले. इथल्या टेकड्यांकडे बघून म्हणायचे, "हिला हिल म्हणतात? आमची पर्वती हिच्याकडे बघून हसेल." पण एकही शनिवार चुकवायचे नाहीत. बाकीचेही सगळे गडकिल्लेवाले. काळा कातळ, कडे, रॉकपॅच, कोण कुठून घसरलं. माझ्याकडे सांगण्यासारखा एकही किल्ला नव्हता.

आणि मग त्या पहिल्याच शनिवारी, झाडीतून वर चढल्यावर, मी पायांखाली बघितलं आणि थांबले. वाट पांढरी होती. दगड पांढरा, धूळ पांढरी. वाळलेल्या ओढ्याचं पात्रसुद्धा पांढरं, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेलं. चुनखडी! सगळे पुढे निघून गेले आणि मी खाली बसून हात लावून पाहिला. आमच्या गोट्यात नसतात असे शिंपल्यांचे ठसे होते त्यात, आख्खेच्या आख्खे, पन्हळी पत्र्यासारख्या रेघांसकट. मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही, पण उरलेली वाट मी जवळजवळ पळत चालले. टेकडी उतरली की मोठं माळरान लागतं, कमरेएवढं गवत, वाऱ्यानं एकाच बाजूला झुकलेलं. आणि माळ संपतो तिथे अचानक पाणी. धरणाचं पाणी, पण इथे सगळे लेक म्हणतात. बुडालेल्या झाडांचे शेंडे त्यातून अजून वर आलेले असतात आणि त्यांवर पक्षी पंख वाळवत बसलेले.

दोन वर्षं मी त्या आणि तसल्याच वाटांवर मागून चालले. सगळ्यांना मी पाठीवरून ओळखते. कोणाची सॅक उजवीकडे कलते, कोण चढावर फोन बघायचं निमित्त करून दम खातं, सगळं. आठवडाभर मी स्क्रीनसमोर असायचे, पण शनिवारी पायांना पांढरी धूळ लागायची. त्या धुळीवर पुढचा आठवडा निघायचा.

या सप्टेंबरमध्ये काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ग्रुपवर मंदारदादाचा मेसेज आला: ‘काकांशिवाय मजा नाही यार. पायपीट बंद करून मंथली ब्रंच ठेवू या का?’ त्यावर भराभर अंगठे पडले. मी फोन उलटा ठेवला. शनिवार गेला तर माझ्याकडे इथे काय उरणार होतं, ते मला नीट माहीत होतं.

संध्याकाळी काकांचा फोन. "या शनिवारी तू घेऊन जा सगळ्यांना. लेकपर्यंत. मी काकूला गाडी काढायला लावतो, पलीकडून येऊन पोहोचतो."

"काका, मंदारदादा आहे ना."

"मंदारला रस्ता माहीत नाही, त्याच्या फोनला माहीत आहे. आणि दोन वर्षं मागून चालतेस. कोण कुठे बसकण मारतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

"मला लोकांपुढे बोलता येत नाही."

"मग नको बोलूस. चाल."

मी चालले. टेकडीपर्यंत छान झालं. पण माळरान सुरू झालं, ऊन चढलं, आणि मागून कुरकुर कानावर यायला लागली. मंदारदादाची आठ वर्षांची आन्या एका मोठ्या दगडावर फतकल मारून बसली. "आय ॲम नॉट गोइंग. देअर इज नो लेक."

"बरोबर बोलतेय पोरगी," मंदारदादा म्हणाला. "काय रे, फिरू या का मागे? अजून ब्रंच गाठता येईल." दोघंतिघं वळलेसुद्धा.

मला माहीत होतं, आज वळले तर पुढच्या शनिवारी कोणी येणार नाही. मी वळून बघितलं, आणि पहिल्यांदा मला त्या पाठींचे चेहरे दिसले. दमलेले, घामेजलेले, माझ्याकडे बघणारे. काहीतरी करायचं म्हणून मी सरबतासाठी आणलेलं लिंबू सॅकमधून काढलं.

"आता काय नजर काढतेस?" सायली म्हणाली. सगळे हसले.

मी आन्याशेजारी बसले. घराच्या किल्लीनं दगड खरवडला, पांढरी भुकटी गोळा केली आणि तिच्यावर लिंबू पिळलं. बाबा असंच करायचे, डब्यातल्या लिंबानं, मी आन्यापेक्षाही लहान असताना. भुकटी फसफसली. बारीक बारीक बुडबुडे.

"व्हॉट! इट्स लाइक सोडा!" आन्या दगडावरून उडीच मारून खाली उतरली. "डू इट अगेन!"

"हा चुन्याचा दगड आहे," मी म्हणाले. आवाज थोडा चिरकला, पण आला. "तुझे आजोबा पान खातात ना, त्यातला चुना ह्याचाच. माझे बाबा हा दगड भट्टीत भाजतात. आणि हे बघ, शिंपला. इथे आधी समुद्र होता."

मग मी थांबलेच नाही. दगड भाजला की चुन्याची कळी होते, कळीवर पाणी टाकलं की ती तडकते, वाफ सोडते आणि विरून लोण्यासारखी मऊ होते. भट्टीवरून आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो, त्याच्या भुवया पांढऱ्या असतात. दोन वर्षांत ह्या लोकांशी जेवढं बोलले नसेन तेवढं बोलले, अर्धं मराठीत, अर्धं इंग्लिशमध्ये, मधेच वऱ्हाडीतसुद्धा. मागे वळलेले परत येऊन भोवती उभे होते. लिंबू हातोहात फिरत होतं. मंदारदादा आपल्या गाडीच्या किल्लीनं दगड खरवडत होता.

"बट व्हेअर डिड द सी गो?" आन्यानं विचारलं.

"थोडासा उरलाय," मी म्हणाले. "चल, दाखवते."

"काय फेकतेस!" मंदारदादा म्हणाला, पण आन्या माझ्या पुढे पळायला लागली होती, त्यामुळे त्याला यावंच लागलं. त्याच्या मागे बाकीचे.

पाणी दिसलं तेव्हा वारा सुटला होता आणि लाटा खरोखरच समुद्रासारख्या काठावर आपटत होत्या. आन्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. "नॉट सॉल्टी. यू लाइड!"

"हो," मी म्हणाले. "पण आलीस ना?"

काका काठी टेकून पार्किंगच्या कडेला उभे होते. सगळ्यांकडे नीट बघून झाल्यावर मला म्हणाले, "मला वाटलं होतं, पुढे मंदार दिसेल."

"दिसला असता," मंदारदादा म्हणाला, "पण ह्या बाईनं चुना लावला आम्हाला." आणि मग काकूंनी आणलेल्या थालीपिठांवर सगळे तुटून पडले. पुढच्या शनिवारी कुठे जायचं यावर वादही सुरू झाला. ब्रंचचं नाव कोणी काढलं नाही.

पायपिटीनंतरचा चहा नेहमी काकांकडे व्हायचा. आता त्यांना जिने चढवत नव्हते आणि काकू थकलेल्या दिसत होत्या. "मग चहा कोणाकडे?" कोणीतरी विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणाले. सायलीनं माझ्याकडे असं बघितलं की जणू दगडच बोलला. दोन वर्षांत आमच्या अपार्टमेंटमध्ये मी कोणाला बोलावलं नव्हतं.

काका-काकू घरी गेले, बाकी सगळी वरात जिन्यातून वर आली. मी आधण ठेवायला आत पळाले आणि दारात बुटांचा आवाज ऐकून तिथूनच ओरडले, "बूट बाहेर! पाय धुतल्याशिवाय कोणी आत याचं नाही!" आणि गॅससमोर थबकले. शब्द आईचे होते, सूरही आईचा. बाबा भट्टीवरून आले की ती रोज स्वयंपाकघरातून असंच ओरडायची. मला तेव्हा वाटायचं, तिला त्या धुळीचा राग येतो.

सगळे गेल्यावर दरवाज्याचा फोटो काढून घरी पाठवला. पायपुसण्याभोवती ठसेच ठसे, मोठे, लहान, एकमेकांवर पडलेले. दुसऱ्या दिवशी बाबांचा व्हॉइस मेसेज आला. "गोटा चांगला दिसते," एवढंच. मागून आईचा आवाज येत होता, "तिले म्हणा, दार झाडून घे. लोक काय म्हणतील?"

तिकडे कोणी विचारतं, परत कधी येणार. मी खरं ते सांगते, माहीत नाही. वणीच्या घराच्या पायरीवर माझ्या पायांचे ठसे आता नाहीत, आई रोज झाडते. इथल्या दारात मात्र आहेत, आणि त्यांच्याशेजारी इतरांचे आहेत. शनिवार परवावर आलाय, लिंबं आणून ठेवली आहेत.

दार मी अजून झाडलेलं नाही.