मधला रकाना

डॉक्टर मुन्झिर मूळ इराकातल्या मोसुलचे. तिथल्या घराच्या उंबऱ्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी आणि तिच्यावर एक गोळी ठेवलेली सापडली, तेव्हा ते इकडे जॉर्डनमध्ये, इर्बिदला आले. इथल्या एका खाजगी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागले. फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. आठच्या तासाआधी रोज पावणेआठला येऊन माझा चहा प्यायचे आणि त्यालाच नावं ठेवायचे.

"राकान, हा चहा आहे की शेळीचा चारा?"

"शेळ्या तक्रार करत नाहीत, डॉक्टर."

गणितं हातानं लिहून आणत आणि एकाच बाजूनं छापायला लावत. "मागची बाजू पोरांची, आकडेमोडीला," म्हणत.

सत्र संपलं की गुण बघण्याआधी पोरांना विद्यापीठाच्या वेबसाइटवर प्रत्येक मास्तराबद्दल वीस प्रश्न भरावे लागत. उत्तरांचे पाच रकाने, 'अगदी मान्य'पासून 'अजिबात अमान्य'पर्यंत. खेड्यावरच्या पोरांच्या घरी इंटरनेट कुठलं? ती आपला क्रमांक आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर टाकत. "राकानभाऊ, गुणांचा कागद काढून ठेव," म्हणत बसमागे पळत.

प्रश्न मग मीच भरायचो. मी बारावी झालेला, अजलूनकडच्या गावातला माणूस. ज्या वर्गात पाय ठेवला नाही तिथली साक्ष कशी द्यायची? चांगलं म्हणावं तर खोटं, वाईट म्हणावं तर पाप. म्हणून सगळीकडे मधला रकाना दाबायचो: 'सांगता येत नाही'. डॉक्टरांच्या नावापुढेही तोच. चहाच्या ओळखीवर झुकतं माप द्यायचं नाही, म्हणून तिथे जरा जास्तच कडक. आपल्या प्रामाणिकपणाचं मला कौतुकसुद्धा वाटायचं.

आधी त्या आकड्यांना कुत्रं विचारत नव्हतं. यंदापासून करारावरच्या मास्तरांचा करार त्यावर ठरू लागला. आमच्या पोरांना शिकवणाऱ्यांत करारावरचे डॉक्टर एकटेच. करार गेला की राहण्याचा परवाना जाणार, आणि परवाना गेला की मोसुल.

जूनमध्ये डॉक्टर कागद घेऊन आले. चहाला हात लावला नाही.

"पाचपैकी साडेतीन हवे होते. तीन पूर्णांक तीन आलेत."

"थोडक्यात गेलं."

"थोडक्यात नाही. नऊ जणांनी साडेचारच्या आसपास दिलेत. उरलेल्या एकतीस जणांनी वीसच्या वीस ठिकाणी मधलं उत्तर. तुमच्याकडे एवढं एकमत मन्सफच्या मटण-भातात मीठ किती यावरही होत नाही." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरं रागावली असती तर समजलं असतं. चार महिने शिकवलं, आणि त्यांना काहीच वाटलं नाही?"

हे ऐकवेना. मी सांगून टाकलं. त्यांनी मान खाली घातली.

"प्रश्न वाचलेस तरी?"

"पहिल्या वर्षी वाचले होते."

"सतरावा काय आहे?"

मला आठवेना.

"शिक्षक वर्गावर वेळेवर येतात का," ते म्हणाले. "तेवढं तर तुला माहीत होतं रे."

मी शटर ओढायला उठलो. "चला डीनकडे, मी कबूल करतो."

"बस खाली. ते चिठ्ठ्या मागतील. पासवर्ड दुसऱ्याला दिला तर पोर एक वर्ष बाहेर, असा नियम आहे."

"एक वर्ष काय, निघून जाईल."

"एकतिसांत अकरा मुली आहेत. पोरगी वर्षभर घरी बसली की बाप लग्न लावून देतो. मग कुठलं संख्याशास्त्र?"

मी डब्यात टाकून ठेवलेल्या चिठ्ठ्या त्यांनीच मागून घेतल्या, मोजल्या आणि फाडल्या. मग दुसरीकडे नोकरी मागायला स्वतःच्या माहितीच्या कागदाच्या वीस प्रती काढायला सांगितल्या. मी सवयीनं एकाच बाजूनं छापल्या. त्यांनी गठ्ठा तसाच पिशवीत टाकला.

त्या वीस कागदांना कुठूनही उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये ते बायकोला घेऊन मोसुलला परत गेले. नंतर मी दोनदा फोन लावला. दुसऱ्यांदा तो नंबरच बंद होता.

आता मी पोरांना म्हणतो, तुमचे प्रश्न तुम्ही भरा. ती शेजारच्या दुकानातल्या कुतैबाकडे जातात. तो सरसकट पहिला रकाना दाबतो. "कशाला कुणाच्या पोटावर पाय द्यायचा?" म्हणतो. आम्ही बोलत नाही फारसं.

संख्याशास्त्राला नवा माणूस आलाय. त्याचा करार यंदा पुन्हा झाला. आठ वीसला फाटकातून आत जातो.