एकेक डोळा झाकून तपासणारे पगारे साहेब

पगारे साहेबांची आणि माझी पहिली भेट माझ्या नोकरीच्या मुलाखतीत झाली, आणि त्या मुलाखतीत मी खोटे बोलले.

नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. नाशिकच्या आमच्या धर्मादाय नेत्र रुग्णालयात नोंदी ठेवण्यासाठी मदतनीस हवी होती. टेबलामागे डॉक्टर बसले होते आणि बाजूच्या खुर्चीत रुग्णालयाचे नेत्रतंत्रज्ञ श्री. रघुनाथ पगारे. "चष्मा आहे का?" असे डॉक्टरांनी विचारले. मी "नाही" म्हटले. घरी माझ्यासाठी स्थळे पाहणे चालू होते आणि चष्मा लावून कुठे जायचे नाही, अशी आईची ताकीद होती. साहेबांनी माझ्या नाकावरच्या चष्म्याच्या वळांकडे एकदा पाहिले. मी जायला निघाले तेव्हा ते जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "पर्समध्ये आहे तो घाला, मग उतरा. येताना शेवटच्या पायरीला ठेचकाळलात. इथे दुसऱ्यांचे डोळे बघायचेत, आधी स्वतःला दिसू द्या."

मी चष्मा घातला. नोकरी मिळाली. त्यानंतरची बहुतेक वर्षे मी साहेबांच्या मागे रजिस्टर घेऊन फिरण्यात घालवली. पुढे त्यांच्याच हाताखाली तपासणीही शिकले.

साहेबांच्या निवृत्तीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथासाठी हा लेख लिहितानाही मी दिवसभराचे काम आटोपून बसले आहे आणि माझेच डोळे चुरचुरत आहेत. म्हणून मोठमोठे शब्द जमणार नाहीत. साहेबांनाही ते आवडायचे नाहीत.

आमच्या कामात मिरवण्यासारखे काही नव्हते. सकाळची एसटी, भिंगांची जड पेटी, शाळेच्या ओसरीवर खिळ्याला टांगलेला तक्ता, आणि समोर मुलांची न संपणारी रांग. ज्यांना चष्मा दिला त्यांतली निम्मीअधिक मुले पुढच्या वर्षी चष्म्याविना भेटत. कुणाचा फुटलेला असे, कुणाच्या आजीने 'पोरीच्या जातीला शोभत नाही' म्हणून ट्रंकेत ठेवलेला असे. मी वैतागायचे. साहेब ट्रंकेतला चष्मा मागवून घेत, रुमालाने पुसत, काड्या सरळ करून पुन्हा त्या मुलीच्या नाकावर बसवत. मग घामेजलेल्या कपाळावरून हात फिरवून म्हणत, "पुढचा नंबर."

एका द्राक्षहंगामात पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये आम्हांला बोलावले होते. तिथे बायका ट्यूबलाइटच्या झगझगीत उजेडात, गार हवेच्या झोतात उभ्या राहून घडांतले खराब मणी कात्रीने काढत. पापणी लवायलाही फुरसत नसे. सगळ्यांची तक्रार एकच, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. कुणी मध घालत होती, कुणी दुकानातून आणलेले लाली घालवायचे थेंब महिनोन्‌महिने टाकत होती. साहेबांनी ते थेंब बंद करायला लावले. "डोळा कोरडा पडलाय, त्याला ओल आणि विश्रांती पाहिजे," एवढेच सांगितले. मग मुकादमाकडे जाऊन बायकांना अधूनमधून दहा मिनिटे डोळे मिटून बसू द्या, अशी विनंती केली.

"साहेब, माल उद्या बंदरावर पोचायचाय," मुकादम म्हणाला. "डोळे मिटून द्राक्षं भरता येतात व्हय?"

साहेब वाद घालत बसले नाहीत. परत येऊन मला म्हणाले, "मंगलाताई, कोमट पाणी आणि स्वच्छ कापूस घ्या. आज प्रत्येकीची तपासणी दहा मिनिटांची." त्या दिवशी प्रत्येक बाईला त्यांनी खुर्चीत बसवले, मिटल्या पापण्यांवर कोमट ओला कापूस ठेवला, आणि स्वतः घड्याळाकडे बघत शेजारी उभे राहिले. तपासणी चालू आहे म्हटल्यावर मुकादमाला बोलता येईना. दोघीतिघींना तर खुर्चीतच झोप लागली. त्यांना उठवणे साहेबांच्या जिवावर आले, ते मला करावे लागले.

आता जे लिहिते आहे ते गौरवग्रंथात यावे की नाही, याचा मी बराच विचार केला. साहेबांनाच विचारले. "तेच लिहा," ते म्हणाले.

सायखेड्याच्या शाळेत वैशाली नावाची मुलगी होती. वडील सोपानराव भाजी आणि फुले पिकवत. ती पहिलीत असताना आम्ही तिला तपासले आणि मी रजिस्टरात 'दृष्टी उत्तम' असे लिहिले. वर्षभराने पुन्हा गेलो. या खेपेस साहेबांनी तिचा उजवा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला, तर तिला तक्त्यावरचे सर्वांत मोठे अक्षरही दिसेना. डावा डोळा जन्मापासूनच अधू होता. उजवा चांगला असल्यामुळे घरात कुणाच्या लक्षात आले नव्हते, आणि न वापरलेला डोळा दिवसेंदिवस आळशी होत चालला होता. असा डोळा लहानपणीच सुधारतो. वर्ष हातचे गेले होते.

"गेल्या वर्षी कसं वाचलंस गं?" साहेबांनी विचारले.

"बोटांच्या फटीतून," ती म्हणाली. "आन् पुढच्या पोरींनी म्हनलेलं पाठ झालं व्हतं."

साहेबांनी रजिस्टर मागून मागच्या वर्षीची नोंद पाहिली. मग मला म्हणाले, "त्या दिवशी ही तिसरी शाळा होती. मी दमलो होतो, मंगलाताई. झाकलेल्या डोळ्याकडे बघितलंच नाही."

मी म्हटले, आता उपचार सुरू करू, मागचे कशाला काढायचे. साहेबांनी ऐकले नाही. शाळा सुटल्यावर आम्ही वैशालीबरोबर तिच्या घरी गेलो. सोपानराव अंगणात जुड्या बांधत होते. साहेबांनी डोळ्याचे सगळे समजावले आणि शेवटी म्हणाले, "हे मागच्या वर्षीच सापडायला पाहिजे होतं. माझी चूक झाली."

सोपानराव उभे राहिले. "मंग मागल्या साली काय बघत व्हता तुमी? लय शिकलेले ना?"

"नीट बघितलं नाही. तेच सांगायला आलोय."

आम्हांला कुणी बसा म्हटले नाही. परतीच्या गाडीत मी मनाशी ठरवून टाकले, आता या घरी पुन्हा जाणे नको.

साहेब पंधरा दिवसांनी गेले, आणि पुढे दीड वर्ष दर पंधरवड्याला जात राहिले, पुष्कळदा रविवारी, स्वतःच्या सुटीत. चष्मा झाला. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अधू डोळ्याला कामाला लावायचे होते. शाळेत मुले चिडवू लागली, तेव्हा साहेबांनी पट्टीची वेळ शाळेनंतरची केली आणि पट्टी असताना जवळचे बारीक काम द्यायला सांगितले. वैशालीच्या आईने तिला झेंडूच्या माळा ओवायला बसवले. "पैल्यांदा सुई फुलात कमी आन् बोटात जास्त जायची," ती माउली एकदा म्हणाली. "आता निम्मी टोपली सपवती." त्याच दिवशी सोपानरावांनी प्रथम चहा सांगितला.

शेवटच्या तपासणीत वैशालीने त्या डोळ्याने तक्त्याच्या बऱ्याच ओळी वाचल्या. खालच्या दोन राहिल्या. साहेबांनी घरच्यांना स्पष्ट सांगितले, "यापुढे फारसं सुधारणार नाही. आधी आलो असतो तर कदाचित पूर्ण झालं असतं." सोपानरावांनी मान हलवली. "जेवढं आलं तेवढं आलं," ते म्हणाले, आणि आम्हांला थांब्यापर्यंत सोडायला आले.

त्यानंतर साहेबांनी दिवसाला एकच शाळा घेतली. प्रत्येक मुलाचा एकेक डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला, आणि पाठ होणारा तक्ता सोडून एकच अक्षर काढलेला पुठ्ठा हातात फिरवून त्या अक्षराची दिशा विचारू लागले. अहवालातला तपासलेल्या मुलांचा आकडा घसरला. वरून विचारणा झाली, खुलासे मागवले गेले. साहेबांनी प्रत्येक वेळी एकच वाक्य लिहून दिले, की दमलेल्या माणसाने मुलांचे डोळे तपासू नयेत. त्यांचे वरिष्ठपद दोन वेळा हुकले. वहिनींना त्याचे वाईट वाटे. साहेबांनी आमच्यासमोर तो विषय कधीच काढला नाही.

वैशाली आता डी.एड. करते आहे. या ग्रंथासाठी तिलाही लिहायला सांगितले होते. फोनवर म्हणाली, "मी काय लिहू, मावशी? पट्टी निघताना भुवई ओढली जायची, लय दुखायचं. साहेब पाण्याने भिजवून हळूहळू काढायचे. एवढंच नीट आठवतं." मी म्हटले, तेवढेच मी लिहिते.

साहेबांचा स्वभाव सरळ असला तरी गोड नव्हे. रजिस्टरात खाडाखोड दिसली की ते ओरडत. पण माझ्या बाळंतपणानंतर मी कामावर आले, तेव्हा कुणाला न सांगता माझ्या वाट्याच्या लांबच्या शाळा त्यांनी स्वतःकडे घेतल्या. वर्षभराने वेळापत्रक पाहताना मला ते कळले.

मागच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले होते. साहेब थकलेले दिसले. वाचताना डोळे झोंबतात म्हणाले. तपासून घेतलेत का, असे विचारल्यावर नेहमीचे उत्तर आले, "बघू, वेळ मिळाला की."

साहेब, आता वेळ काढा. आपल्याला भरपूर आयुष्य लाभो, ते दुखण्याविना जावो, आणि दुपारी निवांत झोप लागो, अशी आम्हां सर्वांची इच्छा आहे. येत्या सोमवारी वणीकडच्या शाळांची तपासणी सुरू होत आहे. पहिलीची नवी मुले आली आहेत. मी सकाळच्या गाडीने जाईन, दिवसाला एकच शाळा घेईन. आपण घरी थांबा.