माल-सुनची लाल बादली

जपानी किनाऱ्यावरच्या हिताकात्सू बंदरातल्या फुसाए-सानने सहलीच्या सकाळी देवघरात नवऱ्याच्या तसबिरीपुढे भात ठेवला, हात जोडले आणि सांगून टाकलं, की ही बुसानची शेवटची फेरी. गुडघे कुरकुरतात. आणि मुख्य म्हणजे माल-सुनची ती बादली आता घरात नको.

बादली लाल, झाकणाची. समुद्रापलीकडे, कोरियातल्या बुसानच्या मासळीबाजारात माल-सुनचा गाळा. महिला मंडळाच्या पहिल्याच सहलीत तिने फुसाए-सानला त्या बादलीतून किमची दिली होती, कोबीचं लसूण घातलेलं लालभडक लोणचं. आता दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, ही दोन्ही किनाऱ्यांची रीत. पुढच्या सहलीला फुसाए-सानने सुकवलेली माकुळं भरून बादली नेली. माल-सुनने माकुळं काढून घेतली, उभ्या उभ्या किमची भरली आणि बादली परत हिच्याच गळ्यात. तेव्हापासून दरवर्षी हेच.

या खेपेचा बेत असा, की माल-सुन गिऱ्हाइकात गुंतली, की माकुळांनी भरलेली बादली ठेवायची आणि पळायचं.

"या गुडघ्यांनी?" मंडळाच्या प्रमुख कियोनो-सानने बोटीवर विचारलं.

"तू ओढ. प्रमुख कशाला केलंय तुला?"

बाजारात सगळ्याजणी माशांच्या टोपल्यांआड दबा धरून बसल्या. मंडळाच्या पिवळ्या टोप्या घालून लपणं म्हणजे भोपळ्यांनी गवतात लपणं. पण बघायला होतंच कोण? गाळ्यावर ताडपत्री ओढलेली. माल-सुनने गाळा कधी बंद ठेवलेला कुणी पाहिला नव्हता. फुसाए-सानने मनातल्या मनात समुद्रदेवीला हाक मारली.

कियोनो-सान टीव्हीच्या मालिका बघून कोरियन शिकलेली. तिने शेजारणीला विचारलं. शेजारीण सुरी पुसत हसायलाच लागली. माल-सुन सकाळच्या बोटीने हिताकात्सूला गेली होती. दरवर्षी ओन्नीच, म्हणजे थोरली बहीणच, ओझं वाहते, या वेळी मी तिच्या दारात ठेवून पळून येते, असं म्हणाली होती.

फुसाए-सानने बादली पुढे केली, तशी शेजारणीने हात पाठीमागे नेले. पिवळ्या टोपीकडून काही घ्यायचं नाही, अशी माल-सुनची सक्त ताकीद होती.

बाकीच्यांनी खाल्लं, प्यायलं, मोजे घेतले. फुसाए-सान गुडघ्यांत बादली धरून बोटीची वाट बघत बसली.

ज्या बोटीने या परतल्या, तीच कोरियन पाहुण्यांना घेऊन मागे बुसानला जाणार होती. हिताकात्सूच्या धक्क्यावर, बंदराच्या इमारतीबाहेर रांग लागलेली. त्यात माल-सुन, फुलाफुलांची टोपी घालून, दोन्ही हात मोकळे, तोंडावर विजय. फुसाए-सान गुडघे विसरून थेट गेली आणि बादलीची कडी तिच्या बोटांत अडकवली. उलट भरून द्यायला माल-सुनजवळ काही नव्हतं. रांगही पुढे सरकत होती. फुसाए-सान पोट धरधरून हसली.

माल-सुन काहीतरी म्हणाली आणि आत गेली.

"काय म्हणाली गं?"

कियोनो-सानने अर्थ सांगितला, "ओन्नी, आधी घरी जा, मग हस."

घराच्या दारात बादली होती. निळी, कोरी, लालच्या दुप्पट, काठोकाठ भरलेली.

फुसाए-सानने ती ओढत आत नेली. मग तिने बशीत थोडी किमची काढली. देवघरात लसूण चालत नाही, पण ह्यांना आवडायची.

"अहो, गुडघ्यांचं तेवढं बघा," ती हात जोडून म्हणाली. "पुढच्या वर्षी निळी पोचवायची आहे."