आत फुंकणारा पंखा

लोहाऱ्यातलं ते वरच्या मजल्यावरचं घर पाहायला गेले, तेव्हा घरमालक काकांनी मला सगळ्यात आधी स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या वर भिंतीत एक एक्झॉस्ट पंखा होता. काकांनी बटण दाबलं आणि मला त्याच्यासमोर उभं केलं.

"लागते का हवा तोंडाले?"

लागत होती. मार्चची दुपार होती, जिना चढून मी घामाघूम झाले होते, आणि समोरून वारा येत होता.

"वायरमननं उलटा बसवून ठेवला होता," काका अभिमानानं म्हणाले. "सारी हवा बाहेर! पंखा का बाहेरच्यासाठी लावते माणूस? मी इथं उभं राहून सरळ करून घेतला."

मी बीएस्सी झालेली मुलगी. मी मान डोलावली आणि म्हणाले, "छान आहे, काका." हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणाला काकांना हसावंसं वाटलं, तर त्यानं आधी मला हसावं.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या बंजारा तांड्यावर, आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत सरकीचं तेल काढणाऱ्या एका कारखान्यात, तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, आणि मला पहिला विचार आला तो याडीचा. याडी म्हणजे आई. तिचं सारं आयुष्य चुलीपुढे गेलं. मी शिकावं म्हणून माझ्या वाटणीचं सरपण, पाणी, भाकरी सगळं तिनंच केलं. त्या धुरानं तिला कायमचा खोकला दिला आणि चालताना, झोपेतही छातीत शिट्टी वाजायला लागली. हॉस्टेलवर असताना मी एकच चित्र डोळ्यांसमोर रंगवत असे. माझं स्वतःचं, भाड्याचं का होईना, घर असेल. त्यात गॅस असेल, कूलर असेल, आणि याडी गार वाऱ्यात निवांत झोपलेली असेल.

होळीनंतर मी तिला घेऊन आले. समोरच्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवला. मधल्या खोलीत तिची खाट टाकली, कारण ती खोली सगळ्यात सावलीची. तिला खिडकी नव्हती. छताजवळ एक झरोका होता, पण पारवे येतात म्हणून काकांनी तो प्लायवूड ठोकून बंद केला होता. मी म्हटलं, बरंच झालं, गारवा बाहेर जाणार नाही. आपल्याकडे सगळे हेच करतात. कूलर लावला की दार लाव, खिडकी लाव, फटीत कापड कोंब. मीही कोंबलं.

चारच दिवसांत याडी जिन्याच्या पायरीवर बसायला लागली. एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन! आत कूलर सुरू, आणि ती बाहेर तापलेल्या पायरीवर.

"आत चल ना," मी म्हणायची.

"नको, बाई. इथं बरं वाटते."

खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी, म्हणजे काकांच्या बायकोनं, एक दिवस मला जिन्यातच अडवलं. "काहून वं, आईले बाहेर बसवून राह्यली काय? कूलर एकटीसाठीच आणला?"

मला रडू यायचं बाकी होतं. त्या संध्याकाळी मी वांग्याच्या भाजीला फोडणी दिली, आणि मधल्या खोलीत याडीला असा ठसका लागला, की ती खाटेची कड धरून बसली. खोकला थांबल्यावर तिनं भिंतींकडे पाहिलं आणि आमच्या गोरबोलीत जे म्हणाली ते मराठीत असं होईल: "घर चांगलं आहे, बाई. पण या घराला नाक नाही. मी घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी जाते. त्या दिवशी तांड्यापर्यंत थेट गाडी मिळते."

बाजाराला पाच दिवस होते. परत गेली की भावाच्या घरी पुन्हा तीच चूल, तोच धूर. आणि ती परत आली नसती, हे मला ठाऊक होतं. याडी एकदा एखाद्या जागेतून उठली की तिथे पुन्हा बसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रयोगशाळेत नेहमीचं पहिलं काम करत होते. आमच्याकडे काचेची सरकती दारं असलेलं एक कपाट आहे. वासाची, धुराची रसायनं त्यातच तापवायची. कपाटातली हवा वरच्या पंख्यानं बाहेर ओढली जाते की नाही, हे रोज तपासावं लागतं. त्यासाठी यंत्र वगैरे काही नाही. पातळ कागदाची बोटभर पट्टी धरायची. पट्टी आत ओढली गेली तर ठीक, लोंबत राहिली तर काम बंद. आमच्या वरिष्ठ बाईंनी मला पहिल्याच दिवशी हे शिकवलं होतं, आणि त्यांचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मला त्या सकाळी कळलं. कारण पट्टी कपाटात ओढली गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर आमच्या स्वयंपाकघरातला पंखा आला.

तोंडाला हवा लागते!

दिवस कसा संपला ते आठवत नाही. घरी आले, चपलाही न काढता स्टुलावर चढले, पंखा सुरू केला आणि पट्टी धरली. पट्टी सरळ माझ्याकडे फडफडली. पंख्याच्या पलीकडे आमचं घर आणि शेजारचं घर यांच्यामधली हातभर रुंदीची बोळ होती. शेजारच्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बोळीत, मोरीचं पाणी तिथूनच वाहायचं. ती सगळी हवा आमचा पंखा इमानदारीनं आत फुंकत होता. माझ्या फोडणीचा धूर मधल्या खोलीत ढकलत होता. तिकडून कूलरही हवा आतच ढकलत होता, ओली हवा. आणि बाहेर जायला वाट? वाट तर मीच कापड कोंबून बंद केली होती.

"याडी!" मी ओरडले. "नाक सापडलं!"

ती पायरीवरून उठून दारापर्यंत आली, माझ्याकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं, आणि म्हणाली, "आधी खाली उतर. पडशील."

आता काकांना सांगायचं होतं. भाड्याच्या घरात एक खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं, आणि इथे तर त्यांनी स्वतः उभं राहून 'सरळ' केलेला पंखा उलटा आहे असं सांगायचं! मी खाली गेले आणि जमेल तितक्या नम्रपणे म्हटलं, "काका, एक गंमत दाखवायची आहे. वर येता का?"

काका आले. मी त्यांच्याच हातात पट्टी दिली.

"पाह्यलं? कशी फडफडून राह्यली! दमदार पंखा आहे."

"काका, ती बाहेर जायला पाहिजे."

"बाहेर जाऊन काय करते? हवा विकत घेतो का आपण बाहेरच्याइसाठी?"

"खराब हवा बाहेर जाते. धूर, वाफ..."

"अशी म्हणते तुई बीएस्सी?" काका हसत म्हणाले, पण कान लाल झाले होते. "मी चाळीस वर्षं कचेरीत पंख्याखाली बसलो, मॅडम. एकानं सुद्धा माह्यावरची हवा बाहेर नाही फेकली."

आवाज ऐकून काकू गुडघे धरत धरत जिना चढून आल्या. काका-काकू पूर्वी वरच राहत होते, गुडघ्यांमुळे खाली गेले, हे मला तेव्हाच कळलं. मी त्यांना पट्टी दाखवली, बोळ दाखवली. काकूंनी पंख्यापाशी नाक नेऊन एकदा हुंगलं. मग हळूच काकांकडे वळल्या.

"म्हणजे शेजारच्याइच्या घरी काय शिजलं ते मले रोज इथं उभ्या उभ्या समजायचं, ते या पंख्यानं?"

"तुझं नाक तेज आहे," काका म्हणाले.

"तेच तं मी समजत होती बापा! बारा वर्षं! त्यांच्याघरी मेथी, माह्या घरी मेथीचा वास. त्यांची मोरी तुंबली की मी आपली मोरी घासून राह्यली! अवो, फिरवा ना तो पंखा आधी!"

काकांनी स्वतःच्या हातानं चार बोल्ट काढले. मी स्टूल धरलं. पंखा भिंतीतून निघाला तेव्हा त्याच्या पात्यांवर इतकं तेल आणि काजळी होती, की याडीनं तो काकांच्या हातातून घेतला आणि सोबत आणलेली राख लावून घासायला बसली. भांडी घासावीत तसा तिनं तो लख्ख केला. काकांनी तो फिरवून बसवला, बटण दाबलं. मी पट्टी धरली. पट्टी माझ्या बोटांतून सुटली आणि पंख्याच्या जाळीला जाऊन चिकटली. मी टाळ्या वाजवल्या. काकू पण वाजवायला लागल्या. काका म्हणाले, "चिकटली तं चिकटली, त्यात एवढं काय?" पण त्यांनी खिशातून स्वतःची एक जुनी पावती काढली आणि हळूच धरून पाहिली.

पण मधली खोली अजून कोंदट होती. कूलरची हवा तिथे जाऊन साचायची, उशी ओलसर लागायची. मी कूलरचं जुनं, बुरशीचा वास येणारं गवत काढून नवं भरलं, टाकी घासली, कोंबलेली कापडं काढली. फरक पडला, पण थोडा. झरोका उघडायला हवा होता. त्याबद्दल मात्र काका ऐकेनात.

"पंखा तं पंखा. भिंतीले हात नाही लावू देणार. पारवे तुम्ही पाह्यले नाही, मॅडम. घर घाण करून टाकतात."

बाजाराला दोन दिवस उरले होते. याडीची पिशवी खाटेखाली भरून ठेवलेली मी पाहिली होती. मी काकांना शाळेत शिकलेलं सांगू लागले, गरम हवा वर जाते, थंड हवा खाली राहते. घाटंजीच्या शाळेत आमच्या सरांनी फळ्यावर बाण काढून हे शिकवलं होतं. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, पैकीच्या पैकी गुण घेतले. माझ्या डोक्यावर छत आहे आणि त्याखालीही हे असंच होतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काका ऐकत होते, पण पटत नव्हतं. तेवढ्यात याडी उठली. गॅसवर कोळशाचा तुकडा पेटवून वाटीत घेतला, त्यावर चिमूटभर धूप टाकला आणि मधल्या खोलीच्या मध्यभागी ठेवला. मग तोंडावर पदर धरून दारात येऊन उभी राहिली.

धूर सरळ वर गेला. छताला लागला, पसरला, आणि भिंतीभिंतीनं फिरू लागला. मग बंद झरोक्याच्या प्लायवूडपाशी गोळा झाला, तिथून खाली घसरला, पुन्हा वर गेला, पुन्हा त्याच जागी आला.

"पाहा, दादा," याडी काकांना मराठीत म्हणाली. "बिचारं दार शोधून राह्यलं. आमच्या तांड्यावर भीत आणि छप्पर यात फट सोडतो आम्ही. माणसासाठी खाली दार, धुरासाठी वर."

काका धुराकडे पाहत राहिले. त्यांना खोकला आला. मग याडीला आला. दोघंही खोकत बाहेर पायरीवर आले, आणि काका पहिल्यांदाच त्या पायरीवर याडीच्या शेजारी बसले.

"ताई," ते श्वास घेत म्हणाले, "तुम्ही रोज इथंच बसता, ते याच्यासाठी?"

"हाव, दादा."

"मले वाटे, तुम्हाले रस्ता पाहायले आवडते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले तेव्हा काका गच्चीवरून जुनी लोखंडी जाळी काढत होते. संध्याकाळी आले तर प्लायवूड गायब! झरोक्यात जाळी, आणि जाळीतून पलीकडच्या कडुलिंबाचा तुकडा दिसत होता. कूलर सुरू होता, दार उघडं होतं. झरोक्याला बांधलेला एक सुतळीचा तुकडा बाहेरच्या बाजूला ताठ उडत होता. तो काकांनी बांधला होता. ते खाली अंगणात उभे राहून वर बघत होते आणि शेजारच्या माणसाला सांगत होते, "हवा आधी बाहेर काढावी लागते, तेव्हा नवी आत येते. लोकाइले समजतच नाही."

मी आत धावले. याडी खाटेवर होती. झोपली होती! तोंड थोडं उघडं, पदर बाजूला, आणि छातीत शिट्टी नव्हती. निदान मला तरी ऐकू आली नाही. मी दारातच जमिनीवर बसले आणि तिच्याकडे पाहत राहिले. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

बाजाराच्या दिवशी सकाळी उठले तर याडी पिशवी घेऊन दारात उभी.

मी पिशवीचा बंद धरला. "पण आता तर तू झोपतेस ना गं?"

"झोपते ना."

"मग?"

"तिकडं तुझ्या भावजयीच्या चुलीवर टिनाचं छप्पर टाकलं आहे तुझ्या भावानं. चारी बाजूंनी बंद. पक्कं घर म्हणून. तिचाही खोकला सुरू झालाय." तिनं पिशवी उघडून दाखवली. आत एक लुगडं होतं, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी पातळ कागदाची पट्टी. "तुझ्या भावाला दाखवते. त्याला छताखाली फट पाडायला लावते. दोन दिवसांत येते. माझी गोधडी पण आणायची आहे, तुझ्या कूलरनं थंडी वाजते."

मी तिला गाडीत बसवून आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. काकूंचा आवाज आला, "आली का वं ताई?" आणि याडीचा, "आली, आली." ती पायरीपाशी थांबली नाही. गोधडीचं गाठोडं घेऊन सरळ आत आली.